रक्त हिरवे झाले, वर्तुळ तेच राहिले

मार्च २०१९. पूर्णा जंक्शनहून अकोल्याकडे निघालेला लोहमार्ग परभणी जिल्ह्याची हद्द ओलांडून हिंगोलीत शिरतो. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला, त्याआधी ते परभणी जिल्ह्यातलेच एक तालुक्याचे गाव होते. त्या मार्गावर, हिंगोली शहरालगत, एका सायंकाळी हैदराबाद-अजमेर गाडीखाली दोन तरुण सापडले. एक चोवीस वर्षांचा, दुसरा बावीस. दोघे रुळांजवळ बसून मोबाइलवर ‘पबजी’ खेळत होते आणि गाडीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, असे तेव्हाच्या वृत्तांत नोंदले गेले. बातमी देशभर छापली गेली.

पुढच्या चार वर्षांत तो खेळ भारतात दोनदा बंद झाला आणि दोनदा परतला, दरवेळी थोड्या वेगळ्या रूपात. त्या रूपांतराचा हा इतिहास. एका खेळातून त्याचा पुढचा अवतार घडतो तेव्हा नेमके काय बदलले जाते, कोण बदलते, आणि कशाला हात लावण्याचे कोणाच्याच मनात येत नाही? #थ्रेड

आधी मूळ रचना पाहू. ब्रेंडन ग्रीन हा आयर्लंडचा माणूस. ‘प्लेअरअननोन’ हे त्याचे इंटरनेटवरील टोपणनाव. ‘बॅटल रॉयल’ या २००० सालच्या जपानी चित्रपटावरून त्याला कल्पना सुचली. ती त्याने आधी दुसऱ्यांच्या युद्धखेळांत फेरफार करून आजमावली आणि मग दक्षिण कोरियातील ब्लूहोल या कंपनीसोबत स्वतंत्र खेळ उभा केला. मार्च २०१७ मध्ये तो संगणकावर आला. शंभर खेळाडू विमानातून रिकाम्या हातांनी एका बेटावर उतरतात. एरँगल नावाचे ते बेट आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद. घराघरांतून बंदुका, गोळ्या, औषधे गोळा करायची. दरम्यान नकाशावर एक वर्तुळ आखले जाते आणि ते टप्प्याटप्प्याने आवळत जाते. वर्तुळाबाहेर राहील तो झिजून मरतो, म्हणून दूर लपून बसलेल्यालाही अखेर इतरांच्या समोर यावेच लागते.

खेळाचे खरे यंत्र हे वर्तुळ होय. बंदुका शेकडो खेळांत असतात. ‘आता थांबता येणार नाही’ ही भावना मात्र वर्तुळ निर्माण करते.

एरँगलवरचा पूर्ण सामना सुमारे अर्धा तास चालतो. त्यात विराम नाही. बुद्धिबळाचा डाव मोडून ठेवता येतो, गल्लीतले क्रिकेट आईची हाक आली की थांबते. येथे चौघांच्या संघातला एकजण मध्येच उठला तर उरलेले तिघे उघडे पडतात आणि उठणाऱ्याचे मानांकनही घसरते. ही रचना मुद्दाम केलेली होती. संगणकासमोर, दार लावून, कानांवर हेडफोन चढवून बसणाऱ्या माणसासाठी ती योग्यही होती.

अडचण पुढच्या आवृत्तीत आली. मार्च २०१८ मध्ये चीनच्या टेन्सेंट कंपनीने हाच खेळ मोबाइलवर आणला, आणि तोही फुकट. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यापासून भारतात डेटा स्वस्त झालेला होता. ज्या मुलाने आयुष्यात कधी गेमिंगचा संगणक पाहिला नव्हता, त्याच्या खिशात आता एरँगल होते.

संगणकावरून मोबाइलवर आणताना रचनाकारांनी जे बदलले ते खरोखर अभ्यासण्यासारखे आहे. संगणकावर शत्रूची चाहूल कानाने घ्यावी लागे. पावले डावीकडून येतात की वरच्या मजल्यावरून, हे ओळखण्यात कौशल्य होते. मोबाइलच्या बारीक स्पीकरवर ते अशक्य, म्हणून छोट्या नकाशावर पावलांच्या आणि गोळीबाराच्या खुणा उमटू लागल्या. जे ऐकायचे होते ते दिसू लागले. अंगठ्याने नेम धरणे कठीण, म्हणून नेम आपोआप थोडा शत्रूकडे ओढला जाऊ लागला. पडलेल्या वस्तू जवळ जाताच आपोआप उचलल्या जाऊ लागल्या. नवख्यांच्या सामन्यांत यंत्रचालित खेळाडू, म्हणजे बॉट, मिसळले गेले. पहिल्याच दिवशी दोन-चार जण टिपले की मुलगा दुसऱ्या दिवशी परत येतो, हे त्यामागचे साधे व्यापारी शहाणपण. हाताळणीतला प्रत्येक अडथळा असा शोधून शोधून दूर केला गेला. अर्ध्या तासाचा, विराम नसलेला सामना मात्र जसाच्या तसा ठेवला गेला.

दार लावलेल्या खोलीसाठी घडवलेला तो अर्धा तास आता एसटीच्या थांब्यावर, शेताच्या बांधावर आणि रेल्वेच्या रुळांजवळ खेळला जाऊ लागला.

याच्या आधीच्या पिढीचा शूटर कसा होता ते येथे आठवावे. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये दोन हौशी तरुणांनी दुसऱ्या एका खेळात फेरफार करून बनवला. पुढे व्हॉल्व्ह कंपनीने तो घेतला. २००३ मध्ये आलेली त्याची १.६ ही आवृत्ती भारतातल्या सायबर कॅफेंत वर्षानुवर्षे चालली. पाच विरुद्ध पाच. एक फेरी दोन-अडीच मिनिटांत निकाली निघते. जो मेला तो फेरी संपेपर्यंत स्वस्थ बसून इतरांचा खेळ पाहतो. या सक्तीच्या विश्रांतीत माणूस मान वर करतो, घड्याळ पाहतो, शेजारच्याशी बोलतो. शिवाय भाडे तासावर, आणि रात्री कॅफेवाला शटर ओढणारच. वेळेची मर्यादा घालणारा कायदा तेव्हा कोणी केला नव्हता, कारण ती शटरमध्येच होती.

‘काउंटर-स्ट्राइक’च्या सिक्वेलांची कथाही बोधक आहे. २००४ मध्ये ‘सोर्स’ आली. चित्र देखणे झाले, पण गोळी लागण्याची आणि शरीर हलण्याची जाणीव बदलली. जुने खेळाडू बिथरले आणि जगभरातील स्पर्धक दोन तटांत विभागले गेले. नव्या आवृत्तीला ताकदवान यंत्र लागे, त्यामुळे सामान्य कॅफेंत १.६ च टिकून राहिली. २०१२ च्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ने हळूहळू दोन्ही तटांना एकत्र आणले. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ आली तेव्हा व्हॉल्व्हने जुन्या खेळाच्या जागीच नवा खेळ बसवला, निवडीचा प्रश्नच उरू दिला नाही. धुराचा गोळा आता खोलीचा आकार घेऊन पसरतो आणि गोळीने त्यात क्षणभर भगदाड पडते. चर्चा या धुराचीच फार झाली. स्पर्धात्मक सामना मात्र जास्तीत जास्त तीस फेऱ्यांऐवजी चोवीस फेऱ्यांचा झाला, हा बदल कदाचित अधिक दूरगामी ठरावा. तिथे वेळेकडेही रचनेचा भाग म्हणून पाहिले गेले.

पुन्हा २०१९ कडे. मार्च महिन्यात राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदीचा आदेश काढला आणि खेळताना आढळलेल्या दहाजणांना अटकही केली. मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत जनहित याचिका करून या खेळावर बंदी मागितली होती. त्याच सुमारास भारतातल्या काही खेळाडूंना सहा तासांनंतर ‘आता विश्रांती घ्या’ अशी सूचना देऊन खेळ थांबू लागला. सहा तास! शाळेचा दिवसही एवढाच असतो.

या धुमाळीत एक घटना भारतात फारशी लक्षात आली नाही. मे २०१९ मध्ये टेन्सेंटने स्वतःच्या देशात पबजी मोबाइल बंद करून त्याजागी ‘पीसकीपर एलिट’ नावाचा खेळ आणला. चीनच्या सरकारकडून पैसे कमावण्याचा परवाना मिळावा यासाठी केलेली ही डागडुजी होती. बेट तेच, बंदुका त्याच, वर्तुळ तेच. फक्त गोळी लागलेला माणूस रक्त सांडत नाही. हरलेला खेळाडू आपली सामानाची पेटी पुढे ठेवतो, हात हलवून निरोप घेतो आणि अदृश्य होतो. मृत्यूची भाषा बदलून तोच खेळ नव्या नावाने कायदेशीर करता येतो, हा धडा येथे गिरवला गेला. भारताला तो दोन वर्षांनी उपयोगी पडला.

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात भारतीय आणि चिनी सैनिकांत चकमक झाली. २९ जूनला ५९ चिनी ॲपवर बंदी आली आणि २ सप्टेंबरला आणखी ११८ वर. या दुसऱ्या यादीत पबजी होता. आधार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा, कारण देशाची सुरक्षा. मुलांचे व्यसन, हिंसा, रुळांवरचे मृत्यू यांचा त्या कारणात उल्लेख नव्हता. म्हणजे दोन वर्षे ज्या गोष्टींसाठी पालक बंदी मागत होते, त्यांखेरीज दुसऱ्याच गोष्टीसाठी बंदी आली. पुढचा अवतार कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून घडवला गेला, हे समजण्यासाठी एवढी एक बाब ध्यानात ठेवली तरी पुरे.

त्या सरकारी यादीत खेळाचे नाव ‘पबजी मोबाइल नॉर्डिक मॅप: लिव्हिक’ असे छापले होते. ॲप स्टोअरवर त्या महिन्यांत तेच शीर्षक होते, ते तसेच उतरवले गेले. हा लिव्हिक पुढे पुन्हा भेटेल.

बंदीनंतर आठवडाभरात कोरियन कंपनीने भारतातील हक्क टेन्सेंटकडून काढून घेत असल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये भारतासाठी स्वतंत्र खेळाची घोषणा झाली आणि त्यातच नव्या रचनेची रूपरेषा होती: पात्रे सुरुवातीपासून पूर्ण कपड्यांत, गोळी लागल्यावर लाल नव्हे तर हिरवा शिडकावा, युद्धभूमीऐवजी ‘आभासी प्रशिक्षण मैदान’, आणि लहान वयाच्या खेळाडूंना वेळेची मर्यादा. २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ अधिकृतपणे सुरू झाला. मुले त्याला बीजीएमआय म्हणू लागली. जुन्या खात्यातील पोशाख आणि बंदुकांचे रंग नव्या खेळात आणण्याची सोयही होती. कायद्याच्या दृष्टीने नवा खेळ, खेळणाऱ्याच्या दृष्टीने जुनेच घर, फक्त दारावरची पाटी बदललेली.

‘किल’ हा शब्द जाऊन ‘फिनिश’ आला. हे सारे एका आभासी जगात घडत असून त्याचा वास्तवाशी संबंध नाही, असे खेळाडूला सांगितले जाऊ लागले. अठरा वर्षांखालील खेळाडूला दिवसाला तीन तास, पालकांचा फोन क्रमांक देणे आवश्यक, आणि खर्चाला दिवसाकाठी सात हजार रुपयांची मर्यादा.

या सात हजारांपाशी जरा थांबावे. २०२१-२२ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,९५० रुपये होता. परभणी हा सोयाबीन आणि कापसाचा जिल्हा. येथल्या शेतकऱ्याच्या पोराला पोशाखांवर आणि बंदुकांच्या रंगांवर एका दिवसात उडवता येणारी जास्तीत जास्त रक्कम, म्हणजे ज्याला संयमाची मर्यादा म्हटले गेले ती, पावणेदोन क्विंटल सोयाबीनच्या हमीभावाएवढी होती. ही संख्या मराठवाड्याकडे पाहून ठरवलेली नव्हती, हे सांगायला नको.

मराठवाड्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट हरवली, तिची नोंद क्वचितच होते. जुलै २०१९ मध्ये पबजी मोबाइलची एक हलकी ‘लाइट’ आवृत्ती भारतात आली होती. कमी मेमरीच्या स्वस्त फोनांसाठी ती होती. त्यात शंभरऐवजी साठ खेळाडू, लहान नकाशा आणि म्हणून लवकर संपणारा सामना. २ सप्टेंबरच्या यादीत तीही बुडाली. मोठा खेळ नव्या नावाने परतला, पण ही लहान आवृत्ती त्याच्यासोबत परतली नाही. ज्यांचे फोन स्वस्त होते त्यांना आता एक तर मोठाच खेळ अडखळत खेळायचा होता किंवा तो सोडायचा होता.

याच काळात कोरियन कंपनीने एक खराखुरा सिक्वेलही काढला, हे गमतीचे आहे. नोव्हेंबर २०२१ चा ‘न्यू स्टेट’. काळ २०५१ सालचा, ड्रोन, ढाली, नवे बेट, नव्या बंदुका. रचनेच्या अर्थाने पुढची पायरी हीच होती. भारतात मात्र चर्चा आणि स्पर्धा बीजीएमआयभोवतीच फिरत राहिल्या. खेळाडूने सिक्वेल म्हणून स्वीकारला तो ज्यात बंदूक तीच होती आणि फक्त रक्ताचा रंग वेगळा होता. १.६ सोडायला तयार नसलेल्या कॅफेतल्या मुलांशी त्यांचे हे नाते जुळते. हाताला पडलेली सवय नव्या चित्रापेक्षा बलवत्तर असते.

जून-जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयची स्पर्धा स्टार स्पोर्ट्स वाहिनीवर दाखवली गेली. क्रिकेट जिथे दिसते तिथे एरँगल दिसले. २८ जुलैला खेळ पुन्हा दुकानांतून नाहीसा झाला. मे २०२३ मध्ये सरकारने तीन महिन्यांच्या चाचणीपुरती परवानगी दिली आणि खेळ परतला. या वेळी प्रौढांनाही दिवसाला सहा तासांची मर्यादा घातली गेली.

आता दोन्ही खेळ शेजारी ठेवून पाहावे. रक्त बदलले. ‘मारणे’ हा शब्द बदलला. खेळाडूंची माहिती कोठे साठवायची ते बदलले, आणि सुरक्षेच्या दृष्टीने मूळ तक्रार तीच असल्याने हा बदल सर्वांत काटेकोरपणे झाला. दिवसाला किती तास, हे ठरले. पण सामन्याच्या आत काय चालते? एरँगल आठ किलोमीटरचेच. शंभर खेळाडूच. विराम नाहीच. संघ सोडून उठणाऱ्याला शिक्षा तशीच. तीन तासांच्या मर्यादेतही अर्ध्या तासाचे सहा अखंड सामने बसतात आणि त्यांतल्या प्रत्येकात मान वर करण्याला किंमत मोजावी लागते. मर्यादा दिवसाला घातली गेली, पकड मात्र सामन्याची होती. हिंगोलीच्या रुळांवर त्या सायंकाळी दोघे एकूण किती तास खेळले होते याला अर्थ नव्हता. अर्थ होता तो त्या एका क्षणी नजर वर न उठण्याला. हिरवा शिडकावा त्या क्षणापर्यंत पोहोचत नाही.

रचनाकारांना सामना आखूड करता येत नव्हता असे मुळीच नाही. लिव्हिक हा त्याचा पुरावा. जुलै २०२० मध्ये आलेला हा नकाशा दोन किलोमीटर लांबी-रुंदीचा, खेळाडू ५२, आणि सामना पंधरा मिनिटांच्या आसपास. वर्तुळ झपाट्याने मिटते. तो कोणत्याही सरकारने मागितला नव्हता. छोट्या फुरसतीत बसेल असा खेळ विकला जाईल, एवढ्या हिशेबाने तो आला, आणि त्याचेच नाव मिरवत खेळ बंदीच्या यादीत गेला, हा योगायोग. नव्या अवतारात लिव्हिक परतला खरा, पण अनेक नकाशांपैकी एक म्हणून. मानाची मोठी स्पर्धा एरँगलसारख्या विस्तीर्ण नकाशांवरच राहिली.

याहून धाडसी फेरबदल २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धांत दिसला. ई-स्पर्धांना तेथे प्रथमच पदके होती. पबजी मोबाइलला प्रवेश मिळाला, परंतु माणसाने माणसावर गोळी झाडणे आशियाई क्रीडेच्या चौकटीत बसेना. मग स्पर्धेपुरती वेगळीच आवृत्ती बनवली गेली: संघ वाहने पळवतात, अडथळे पार करतात आणि मांडून ठेवलेल्या निशाणांवर नेम धरतात. कोणी कोणाला मारत नाही. नियमित खेळाडूंना ती मिळमिळीत वाटली, हे स्वाभाविक आहे. पण गाभ्याला हात लावायचा ठरवले तर लावता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

महाराष्ट्रातही या गाभ्याचा विचार झाला. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने आधी ‘मास्कगन’ नावाचा मोबाइल शूटर बनवला होता: छोटी मैदाने, दोन संघ, मोजक्या मिनिटांचे सामने, साध्या फोनवर चालेल अशी हाताळणी. तोच चमू पुढे बॅटल रॉयलकडे वळला आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचा ‘इंडस’ आला. नाव सिंधू संस्कृतीचे, काळ भविष्याचा, नकाशाचे नाव विरलोक. पोशाख-शस्त्रांतील भारतीय नक्षीवर बहुतेक लेखांचा भर राहिला, आणि ती देखणी आहेच. तरी मास्कगनपासून इंडसपर्यंतच्या प्रवासात अधिक लक्षणीय आहे ती जिंकण्याची व्याख्या.

बॅटल रॉयल प्रकारात विजयाचा अर्थ बहुतेक खेळांत एकच होता: उरलेले सगळे मरणे. पुण्यातल्या रचनाकारांनी त्याला दुसरी वाट जोडली. सामन्याच्या अखेरीस नकाशावर ‘कॉस्मियम’ नावाचे एक द्रव्य प्रकट होते. लपून बसलेल्यांना बाहेर काढण्याचे वर्तुळाचे काम येथे एक वस्तू करते, धाकाने नव्हे तर लोभाने. ते ताब्यात घेणारा विजयी ठरतो आणि सामना तेथेच संपतो, शेवटचा प्रतिस्पर्धी अजून उभा असला तरी.